माकडांना धीट कोणी केले?

“माकडे हल्ली फार धीट झाली आहेत.” खेड तालुक्यातील कोणत्याही वाडीत जा, चहाच्या कपाबरोबर हे वाक्य ऐकायला मिळते. पूर्वी नुसते ‘हाड’ म्हटले की रान गाठणारी माकडे आता ओटीवर येऊन बसतात, अंगणात वाळत घातलेली फणसपोळी उचलतात, कोवळे नारळ तोडून टाकतात. वानरे कौलांवर उड्या मारतात आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर घरमालकाला नवी कौले शोधायला लावतात. परसातला भाजीपाला लावणेच कित्येकांनी सोडून दिले आहे. ही तक्रार खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

परंतु या वाक्यातील ‘हल्ली’ या शब्दाकडे आपले लक्ष जात नाही. बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत, म्हणजे तीस-चाळीस वर्षांत, एका वन्य प्राण्याचे वागणे बदलले, असे तो सांगतो आहे. एवढ्या काळात माकडाच्या शरीरात काही फरक पडलेला नाही. त्याचे दात, त्याचे हात, त्याच्या गालांतील अन्न साठवण्याच्या पिशव्या, सारे पूर्वीसारखेच आहे. आठ-दहा पिढ्यांत त्याचा स्वभाव रक्तातूनच बदलला असे मानण्यापेक्षा ते हे शिकले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. आणि शिकले म्हटले की पुढचा प्रश्न ओघानेच येतो : शिकवले कोणी?

सहजप्रवृत्ती आणि शिकलेले वर्तन यांतील फरक विज्ञानाच्या पुस्तकात असतो. व्याख्या पाठ होतात, परीक्षेत उतरतात आणि तिथेच संपतात. वास्तविक शिकलेले वर्तन पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, शेतातले बुजगावणे पुरते. पहिल्या दिवशी त्याच्याकडे पाहून पाखरे दूर राहतात. आठवड्याने ती त्याच्या अंगरख्याच्या बाहीवर बसतात. हलत नाही, बोलत नाही, इजा करत नाही, अशा वस्तूला भिऊन दूर राहणे म्हणजे समोरचे अन्न फुकट घालवणे होय. ते प्राण्याला परवडणारे नसते. यालाच आपण ‘सरावणे’ म्हणतो आणि शास्त्रातही याच अर्थाची संज्ञा आहे. माकडे पळवण्यासाठी बागाईतदार फटाके लावतात, कार्बाइडची बंदूक उडवतात. पहिले काही दिवस कळप धूम पळतो. मग आवाज होतो, पण त्याच्यामागून काहीच येत नाही, हे त्याच्या ध्यानात येते. पुढे पुढे तर स्फोट झाल्यावर मान वर करून पुन्हा आंबा खायला लागणारे माकडही पाहायला मिळते. ते निर्लज्ज नसते. आपण वर्गात ज्याला हुशार विद्यार्थी म्हणतो, तेच ते.

सरावण्यामुळे भीती जाते, एवढेच. माणसाकडे मुद्दाम चालत येण्यासाठी मात्र आणखी काही तरी लागते, ते म्हणजे बक्षीस. कोकणातून देशावर जाणारा कोणताही घाट घ्या. वळणावर गाडी थांबते, काच खाली होते, केळे किंवा बिस्किटांचा पुडा बाहेर येतो. लहान मुले टाळ्या पिटतात, कोणी फोटो काढतो आणि गाडी निघून जाते. आपल्याकडे घाटांत दिसणारे, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेले, लांब शेपटीचे लाल तोंडाचे माकड हे भारतीय द्वीपकल्पाबाहेर कुठेही न आढळणारे. याच जातीच्या माकडांचा कर्नाटकातील बंदीपूर राष्ट्रीय उद्यानात अद्वैत देशपांडे, श्रेयजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी अभ्यास केला व तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील माकडे प्रवाशांसमोर येऊन ‘कू’ असा आवाज काढतात, तळहात पुढे करतात, माणसाकडे पाहत राहतात आणि खाणे हातात पडले की हे सारे थांबवतात. म्हणजे ही नुसती चुळबुळ नव्हे, ती मागणी आहे, आणि ती माणसाला उद्देशून आहे. जंगलात उंबराच्या झाडापुढे हात पसरून काही उपयोग नसतो. हा हात माणसासाठी घडला आहे.

रानातल्या माकडाचा दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात आणि ते तोडून, सोलून, चावून खाण्यात जातो. कोवळी पाने, फळे, शेंगा, किडे असे थोडे थोडे गोळा करावे लागते. पावाची एक लादी ते काम मिनिटभरात उरकते. मग उरलेल्या वेळेचे काय करायचे? खाणे एकाच जागी ढिगाने पडले की बळकट माकडे ते ताब्यात घेतात, दुबळी बाहेर राहतात आणि भांडणे वाढतात. वानराची गोष्ट आणखी वेगळी आहे. काळ्या तोंडाचे वानर मुख्यतः पानांवर जगते. त्याच्या जठराचे कप्पे असतात आणि त्यांतील जिवाणू पाने कुजवून पचवायला मदत करतात. अशा पोटात साखरेची बिस्किटे घालणे म्हणजे त्या जिवाणूंचा संसार मोडणे होय. आपण भूतदया म्हणून देतो ते त्याला सोसतेच असे नाही.

‘मुक्या प्राण्याला घास घातला तर बिघडले काय? आणि दर वेळी कुठे कोणी देते?’ असे यावर विचारले जाते. दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर व कबुतरे यांच्यावर प्रयोग करून एक गोष्ट दाखवली. कळ दाबल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल आणि मग तो बंद झाला, तर प्राणी लवकरच कळ दाबणे सोडतो. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असे असेल तर दाणा पूर्ण बंद झाल्यावरही तो कितीतरी वेळ कळ दाबत राहतो. मटक्याचे आकडे लावणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको. घाटातून जाणाऱ्या शंभर गाड्यांपैकी नव्वद गाड्या काहीही देत नाहीत, म्हणूनच उरलेल्या दहा गाड्यांचा धडा इतका पक्का बसतो. यात मला सर्वांत खटकते ते असे की, हा धडा देणारा संध्याकाळी मुंबईला किंवा पुण्याला पोहोचलेला असतो. त्याची फी घाटाखालच्या वाडीतला शेतकरी भरतो. गाडीतल्या माणसाकडे पिशवी असते हे शिकलेले माकड शेतावरून घरी निघालेल्या म्हातारीची पिशवीही ओढते.

मुद्दाम खाणे घातल्याने काय होते, याचा मोठा प्रयोग जपानने आपल्यासाठी करून ठेवला आहे. ओइता शहराजवळ ताकासाकियामा नावाचा डोंगर आहे. तेथील माकडे शेतीची नासधूस करीत. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांना डोंगरावरच रोज खाणे घालायला सुरुवात झाली. माकडे शेतात उतरणार नाहीत आणि पाहायला प्रवासीही येतील, असा दुहेरी हिशेब होता. प्रवासी आले. पण सुमारे दोनशे असलेली माकडे पुढील काही दशकांत दोन हजारांच्या घरात गेली आणि मग खाणे कमी करून त्यांची संख्या आवरण्याची वेळ आली. त्याच देशातील कोशिमा बेटावर १९५३ मध्ये ‘इमो’ नावाच्या लहानशा माकडिणीने वाळूने माखलेले रताळे पाण्यात धुऊन खाल्ले आणि तिचे पाहून इतर माकडे तसे करू लागली. प्राण्यांमध्येही एकाने शोधलेली रीत दुसरा उचलतो, याचे उदाहरण म्हणून ही गोष्ट जगभर सांगितली जाते. तिच्यातील एक साधी बाब मात्र अनेकदा सांगायची राहून जाते : ते रताळे वाळूवर माणसानेच टाकलेले होते.

सगळे खापर केळी टाकणाऱ्यांच्या माथी फोडणे मात्र बरोबर होणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फारच थोडे, बहुतेक रान खाजगी मालकीचे. ते विकत घेऊन सरसकट तोडले जाते. जांभूळ, उंबर, वड, करवंद जाऊन त्या जागी काजू किंवा हापूसची कलमे येतात. म्हणजे आपण रानातले ताट उचलले आणि बागेतले मांडले, आणि पुन्हा पंगतीला कोण आले म्हणून रागावलो. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. खेडच्या कितीतरी वाड्यांतील माणसे मुंबईला आहेत. गणपती आणि शिमगा सोडला तर घरांना कुलपे असतात. भातखाचरे पडीक राहतात, त्यांत झुडपे माजतात, राखण करणारा गडी नाही, भुंकणारा कुत्रा नाही. माणूस आल्याने जसे प्राण्याचे वागणे बदलते, तसेच तो निघून गेल्यानेही बदलते. ओसाड अंगण हाही माकडासाठी एक धडाच असतो.

२०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या शास्त्रज्ञांना हे तपासण्याची अनपेक्षित संधी मिळाली. गळ्यात मागाचे पट्टे बांधलेल्या ४३ जातींच्या सुमारे २,३०० सस्तन प्राण्यांच्या नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे टाळेबंदी कडक होती, तिथे दहा दिवसांत प्राण्यांनी मारलेल्या लांबच्या मजला ७३ टक्क्यांनी वाढल्या होत्या. माणसांची दाट वस्ती असलेल्या भागांत प्राणी एरवीपेक्षा ३६ टक्के अधिक रस्त्यांजवळ आले होते. कोकणात त्याच वेळी उलटे झाले होते. शहरांतले चाकरमानी गावी परतले होते आणि कुलपे लावलेली घरे उघडली होती. त्या महिन्यांत खेडच्या वाड्यांतील माकडे कशी वागली, याच्या नोंदी कोणी ठेवल्या असत्या तर त्या आज किती मोलाच्या ठरल्या असत्या!

माणूस बक्षीस देतो तसा तो धास्तीही देतो. २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात पाणवठ्यांजवळ ध्वनिक्षेपक लपवून ठेवले होते. कधी सिंहाची गुरगुर, कधी माणसांचे साधे, शांत बोलणे असे आवाज त्यातून ऐकवले गेले. सिंहाच्या आवाजापेक्षा माणसाचे बोलणे ऐकून पळण्याचे प्रमाण दुप्पट होते आणि पाणवठा सोडण्याची घाई ४० टक्क्यांनी जास्त. वनराज कोणाला म्हणायचे, याचा फेरविचार करायला हरकत नाही. दिवसा माणसाची वर्दळ असेल तर प्राणी दिवसच सोडून देतात. सहा खंडांतील ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरील ७६ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये असे दाखवण्यात आले की, माणसाच्या वावरामुळे त्यांचे रात्रीचे हिंडणे सरासरी १.३६ पटींनी वाढते. ज्या प्राण्याचा अर्धा वावर दिवसा आणि अर्धा रात्री असतो, त्याचा ६८ टक्के वावर रात्री होतो, असा याचा अर्थ. रानडुकरांसाठी रात्रीच्या राखणीला जाणाऱ्या शेतकऱ्याला हे आकडे नवे वाटणार नाहीत. माकडाला आपण धीट म्हणतो, डुकराला लबाड म्हणतो. दोघेही एकाच शाळेत शिकले, फक्त तुकड्या वेगळ्या.

खेड गावाच्या अगदी अंगाशी असलेले तिसरे उदाहरण म्हणजे जगबुडी नदीतील मगरी. खेडवरून वाहत जाऊन ही नदी वाशिष्ठीला मिळते आणि दोन्ही नद्यांत मगरी आहेत. मगर शीतरक्ती असल्याने थंडीच्या सकाळी काठावर ऊन खात पडणे ही तिची चैन नव्हे, गरज आहे. अंग तापल्याशिवाय तिचे अन्न नीट पचत नाही. ती हलावी म्हणून पुलावरून खडे मारणारे हौशी लोक असतात. दिवसातून चार वेळा पाण्यात पिटाळलेली मगर बसण्यासाठी दुसरी जागा शोधते, आणि तिला नको असलेल्या जागी ती येऊन बसली की लोक म्हणतात, मगरी वाढल्या. याच्या उलट, मटण-कोंबडीच्या दुकानांतला टाकाऊ भाग नदीत लोटण्याची सवय आपल्या अनेक गावांत आहे. रोज ठराविक जागी मांस पडते म्हटल्यावर मगर तिथे येणारच, आणि थोड्याच अंतरावर बायका धुणे धूत असतात.

कशेडी घाटापलीकडे महाड आहे. तेथील सावित्री नदीतल्या मगरींविषयी उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर यांनी २०२३ मध्ये काही मनोरंजक निरीक्षणे प्रसिद्ध केली. लोकांनी नदीत टाकलेल्या झेंडूच्या फुलांमध्ये जाऊन तेथील मगरी निवांत पडून राहतात, असे त्यांना दिसले. भटक्या कुत्र्यांनी पाठलाग केल्यामुळे पाण्यात शिरलेल्या एका कुत्र्याला मगरींनी न खाता नाकाने ढकलत काठाकडे नेल्याचेही त्यांनी लिहिले आहे. ही दुसरी बातमी वृत्तपत्रांनी ‘मगरींनी कुत्र्याचा जीव वाचवला’ अशी रंगवली. एका घटनेवरून मगरीच्या मनातील दयेचा निष्कर्ष काढण्याची घाई विद्यार्थ्यांनी करू नये. झेंडूंची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. आपल्या पूजेचे निर्माल्यसुद्धा एखाद्या मगरीच्या दिनक्रमाचा भाग होऊ शकते, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

मग उपाय काय? ‘माकडे पकडून लांब जंगलात नेऊन सोडा’, ही आपल्याकडची लोकप्रिय मागणी. तिच्यामागचा त्रास मी नाकारीत नाही, पण जुन्नरचा अनुभव पाहावा. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात उसाच्या शेतांत बिबटे राहतात. २००१ ते २००३ या काळात तेथील अनेक बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर केलेल्या अभ्यासानुसार माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, आणि जिथे बिबटे सोडले त्या बाजूलाही हल्ले होऊ लागले. पिंजऱ्यात कोंडलेला, अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी माणसाविषयी काय शिकत असेल, याचा विचार पकडताना कोणी केला नव्हता. माकड म्हणजे बिबट्या नव्हे, हे खरे. तरी बागेतून उचलून दूर सोडलेले माकड आपली विद्या तिथे विसरून येत नाही. सोबत घेऊन जाते, आणि नव्या जागेजवळच्या गावात ती कामाला लावते.

माझ्या मते सुरुवात घाटातून व्हायला हवी. खाणे टाकणे पूर्ण थांबायला हवे. कमी करून भागणार नाही, कारण स्किनरचे उंदीर आपल्याला तेच सांगतात. सुरुवातीला माकडे अधिक आक्रमक होतील, हेही लोकांना आधीच सांगून ठेवले पाहिजे. नेहमीची कळ दाबून दाणा आला नाही की प्राणी काही काळ ती अधिकच जोराने दाबतो. त्या वेळी घाबरून कोणी पुडा टाकला की ‘जोराने दाबले की मिळते’, एवढाच नवा धडा माकड शिकेल. मारुतीरायाच्या नावाने शनिवारी फुटाणे घालणाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्याच पैशातून देवस्थानच्या जागेत उंबर, जांभूळ, वड लावावेत. ते वाढेपर्यंत बागाईतदाराला नुकसानभरपाई वेळेवर आणि खेटे न घालता मिळणेही तितकेच आवश्यक आहे. पोट भरलेल्या माणसाने रिकाम्या पोटाच्या माणसाला निसर्गप्रेम शिकवू नये.

विद्यार्थी मित्रहो, यात तुम्हाला करता येण्यासारखे बरेच आहे. एक सोपा प्रयोग सांगतो. गायबगळा, कावळा किंवा साळुंकी यांपैकी एक पक्षी निवडा. एकसारख्या पावलांनी, न थांबता त्याच्याकडे सरळ चालत जा आणि तो उडतो त्या क्षणी थांबा. तो बसला होता त्या जागेपर्यंतची पावले मोजा. हे त्याचे पळ काढण्याचे अंतर. बाजारपेठेत दहा वेळा आणि गावाबाहेरच्या शेतात दहा वेळा मोजून दोन्हींची सरासरी काढा. मग शेतात गुरांच्या मागून चालत जाऊन पुन्हा मोजा. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याला मात्र उठवू नका. माकडांवर आणि मगरींवर हा प्रयोग मुळीच करायचा नाही, तिथे दुरून पाहून लिहायचे.

दुसरे काम खेडच्या शाळांना सहज जमेल. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यापासून जुन्या घाटरस्त्यावरची वाहतूक घटली आहे. गाड्यांवर जगायला सरावलेला कळप गाड्या गेल्यावर काय करतो, हे पाहण्याची अशी संधी पुन्हा पुन्हा येत नाही. शिक्षकांनी सोबत राहावे आणि महिन्यातून एकदा, ठराविक वारी व ठराविक वेळी, रस्त्याकडेला किती माकडे दिसली, त्यांत पिल्ले किती, ती काय खात होती, तासाभरात किती गाड्या गेल्या आणि त्यांतल्या किती थांबल्या, एवढे मांडून ठेवावे. एकही माकड दिसले नाही, तर तारीख घालून शून्य लिहावे. ती ओळ रिकामी सोडू नये.